आठवणीचा पहारेकरी

माझी आजी शेवटच्या दोन वर्षांत सकाळी घेतलेली गोळी दुपारपर्यंत विसरायची. पण पुतणी ओसरीवर गृहपाठ करत बसलेली असताना कुणी सहज "अकरा अडीच?" म्हटलं, की आतल्या खोलीतून आजीचा आवाज यायचा, "साडेसत्तावीस!" पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी हे सगळं तिने खेड्यातल्या शाळेत सातव्या-आठव्या वर्षी सुरात घोकलं होतं. मध्ये पंच्याहत्तर वर्षं गेली. ते पाठांतर तिच्या मेंदूत ज्या प्रथिनांच्या आधाराने बसलं, त्यांतलं बहुधा एकही या पंच्याहत्तर वर्षांत टिकलेलं नव्हतं. अडीचकी मात्र जशीच्या तशी होती.

हा पेच नेमक्या शब्दांत मांडला तो फ्रान्सिस क्रिकने. डीएनएच्या रचनेचा उलगडा करणारा हा माणूस उतारवयात मेंदूकडे वळला होता. १९८४ साली त्याने 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. माणसाची आठवण दशकानुदशकं टिकते. मेंदूतले बहुतेक रेणू मात्र काही तासांत, दिवसांत, फार तर महिन्यांत मोडीत निघतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. मग आठवण लिहिलेली कशावर असते? क्रिकने उत्तराची दिशाही सुचवली. हे रेणू एकेकटे नसतील, जोडीने किंवा गटाने असतील. गटातला एक जुना झाला आणि त्याच्या जागी कोरा आला, तर उरलेले त्या कोऱ्यावर तीच खूण पुन्हा उमटवतील.

गावाकडचा अखंड हरिनाम सप्ताह पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, असा नेम असतो. वीणेकरी मात्र तासा-दोन तासांनी बदलतो. नवा पहारेकरी समोर येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि नाद खंडत नाही. शेवटच्या दिवशी काल्याला जो उभा असतो, तो पहिल्या दिवशीचा नसतो. वीणा तीच असते. मेंदूत असा पहारा कोण देतं? गेली चाळीस वर्षं या जागेसाठी ज्या प्रथिनाचं नाव सगळ्यात जास्त वेळा घेतलं गेलं, सगळ्यात जास्त वेळा खोडलं गेलं आणि पुन्हा लिहिलं गेलं, त्याच्याविषयी हा लेख आहे. लांबलचक नावातली अक्षरं गोळा करून प्रयोगशाळेत त्याला 'कॅम-के-टू' म्हणतात. कॅल्शियम आणि कॅल्मोड्युलिन यांच्या जोडीने जागं होणारं, दुसऱ्या क्रमांकाचं कायनेज, एवढाच त्या नावाचा अर्थ. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवणारं विकर.

आधी वीणा कोणती ते पाहू. दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जोडीला सिनॅप्स म्हणतात. दोघींमध्ये बारीक फट असते. अलीकडची पेशी त्या फटीत ग्लुटामेटसारखं रसायन सोडते, पलीकडची आपल्या ग्राहींनी ते टिपते. पलीकडच्या पेशीच्या फांदीवर हे टिपण्याचं काम करणारे इवलेसे फुगीर काटे असतात. सोबत काम करणाऱ्या पेशींमधली जोड पक्की होत जाते, असं कॅनडाच्या डोनल्ड हेबने १९४९ साली पुस्तकात मांडलं. तेव्हा तो तर्क होता. पुरावा मिळाला ऑस्लोमध्ये. पेर अँडरसनच्या प्रयोगशाळेत तेर्ये लोमोला १९६६ साली त्याची पहिली चाहूल लागली. मग टिम ब्लिस आणि लोमो यांनी भूल दिलेल्या सशांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर विजेचे जलद ठोके दिले. नंतर साधा एकच ठोका दिला तरी पलीकडून येणारा प्रतिसाद आधीपेक्षा मोठा येऊ लागला आणि तो तासन्‌तास तसाच राहिला. १९७३ साली हे प्रसिद्ध झालं. या दीर्घकालीन सबलीकरणाला सगळे 'एलटीपी' म्हणतात.

एलटीपी सुरू कसं होतं, हा भाग पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बराचसा उलगडला. काट्यावर ग्लुटामेटचे दोन मुख्य ग्राही असतात. 'अॅम्पा' ग्राही रोजचं काम करतात. 'एनएमडीए' ग्राहींच्या भोकात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. ग्लुटामेट आलं आणि त्याच क्षणी पेशी आधीच उत्तेजित असली, तरच ते बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की नाही, हे हा ग्राही जणू तपासून पाहतो. ग्रॅहम कॉलिंग्रिज आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवलं की हे ग्राही औषधाने बंद केले तर एलटीपी होतच नाही. रिचर्ड मॉरिसने १९८६ मध्ये तेच औषध देऊन उंदरांना पाण्यात सोडलं. गोल टाकी, दुधाळ केलेलं पाणी, पाण्याच्या पातळीखाली लपलेला एक चौथरा. साधा उंदीर काही फेऱ्यांत भिंतीवरच्या खुणांवरून चौथरा कुठे आहे ते शिकतो. औषध दिलेला उंदीर पोहतो, पण शिकत नाही.

म्हणजे शिकण्याची घंटा कॅल्शियम वाजवतं. पण कॅल्शियम काट्यात सेकंदभरसुद्धा टिकत नाही. घंटा थांबल्यावर ती वाजून गेली हे कुणी लक्षात ठेवायचं?

कॅम-के-टूचा सुगावा हॉवर्ड शुलमन आणि पॉल ग्रीनगार्ड यांना १९७८ च्या सुमारास येल विद्यापीठात लागला. पुढे कॅलिफोर्नियात कॅलटेकमध्ये मेरी केनेडी यांनी पाहिलं की सिनॅप्सच्या पलीकडच्या काठावर प्रथिनांचा जो दाट थर असतो, त्यातला एक मुख्य घटक हाच आहे. हिप्पोकॅम्पसमधल्या एकूण प्रथिनांत याचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास भरला. या आकड्यापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. विकर हे विरजणासारखं असतं, थोडंसं पुरतं. घरातला दोन टक्के माल विरजणच असेल, तर त्याचा उपयोग विरजणाखेरीज आणखी कशाला तरी होत असणार. हा संकेत १९८५ पासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तो नीट वाचायला जवळपास चाळीस वर्षं लागली.

आता हा रेणू जरा जवळून पाहू. बारा सारखी एककं असतात. सहा-सहांची दोन वलयं एकावर एक ठेवलेली असतात आणि मधल्या गाभ्यापासून प्रत्येक एककाचं डोकं बाहेर आलेलं असतं. प्रत्येक डोक्यात काम करणारी एक खाच असते आणि त्याच एककाचा एक तुकडा कडीसारखा त्या खाचेवर पडून ती बंद ठेवतो. कॅल्शियम वाढलं की ते कॅल्मोड्युलिन नावाच्या छोट्या प्रथिनाला बिलगतं आणि ही जोडगोळी कडी उचलते. खाच उघडते. कॅल्शियम ओसरलं की कडी पुन्हा पडते. मात्र दोन शेजारी एककं एकाच वेळी उघडी असली, तर एक दुसऱ्याच्या कडीवर २८६ व्या जागी असलेल्या थ्रिओनिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट चिकटवतं. त्यानंतर ती कडी नीट बसत नाही. कॅल्शियम गेलं तरी खाच उघडीच राहते. स्टीफन मिलर आणि केनेडी यांनी १९८६ मध्ये या बटणाचं वर्णन केलं. शेजारी जागा असेल तरच फॉस्फेट लागतं, त्यामुळे कॅल्शियमचे तुरळक ठोके वाया जातात आणि जलद ठोके साठत जातात. हा रेणू ठोक्यांची लय ओळखतो, हे पॉल द कोनिंक आणि शुलमन यांनी १९९८ मध्ये परीक्षानळीत दाखवून दिलं.

ब्रँडाइस विद्यापीठातल्या जॉन लिस्मनने १९८५ सालीच, क्रिकच्या टिपणानंतर वर्षभरात, कागदावर असं बटण काढलं होतं. फॉस्फेट काढून टाकणारी विकरंही सिनॅप्समध्ये असतात, ती एकेका एककाला कोरं करत राहणार. पण गटातली बरीच एककं आधीच खूण लावलेली असतील, तर शेजारी त्या कोऱ्याला लगेच पुन्हा खूण लावतील. अगदी नवं एकक आलं तरी त्यालाही लावतील. अशा गटाच्या दोनच स्थिर अवस्था उरतात, सगळे मिटलेले किंवा सगळे उघडे. वीणा गळ्यात किंवा वीणाच नाही. मेंदूविज्ञानातल्या सुंदर कल्पनांच्या यादीत मी ही फार वरती ठेवतो, कारण तिने एक तात्त्विक कोडं उचलून प्रयोगाच्या टेबलावर ठेवलं.

टेबलावर सुरुवातीला सगळं तिच्या बाजूने गेलं. १९९२ साली एमआयटीत सुसुमू तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत अल्सिनो सिल्वाने कॅम-के-टूचं मुख्य जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांच्यात एलटीपी बिघडलं आणि दुधाळ पाण्यातला चौथराही त्यांना सापडेना. जनुक काढून उंदराची आठवण तपासण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक. १९९८ मध्ये कार्ल पीटर गीझे, सिल्वा आणि सहकाऱ्यांनी आणखी बारीक शस्त्र वापरलं. अख्खं प्रथिन जागेवर ठेवलं आणि २८६ व्या जागचा एकच अमिनो आम्लाचा मणी बदलून असा बसवला, ज्यावर फॉस्फेट बसूच शकत नाही. हिप्पोकॅम्पसमधलं एलटीपी गेलं, पाण्यातलं शिकणंही गेलं. पेशीत असंख्य मणी असतात. त्यांतला एक बदलला आणि प्राणी वाट शिकेनासा झाला.

पण या प्रयोगातून जे सिद्ध झालं ते शिकण्याविषयी होतं. टिकण्याविषयी त्यातून काहीच कळत नव्हतं. या फरकावर पुढच्या पंचवीस वर्षांचा सगळा वाद उभा आहे आणि तो अनेक लोकप्रिय लेखांत पुसला जातो, म्हणून थोडं थांबतो. पाटीवर अक्षर उमटायला पेन्सिल लागते. अक्षर उमटल्यावर पेन्सिल फेकून दिली तरी ते राहतं. शिकण्याआधीपासून पेन्सिलच नसेल तर पाटी कोरी राहणार हे उघड आहे, पण त्यावरून अक्षर पेन्सिलीत साठवलेलं असतं असा निष्कर्ष काढता येत नाही. हवी असलेली कसोटी वेगळी आहे. आधी शिकू द्या, मग पेन्सिल काढा आणि अक्षर जातं का ते पाहा.

पहिला धक्का आला गीझे यांच्याच गटाकडून. २००५ मध्ये त्यांनी सांगितलं की तेच २८६ वाले उंदीर एका खेपेत शिकत नाहीत, पण पुन्हा पुन्हा शिकवलं तर शिकतात आणि शिकलेलं टिकतंही. म्हणजे ती खूण वेगाने शिकण्यासाठी लागते, साठवण्यासाठी लागतेच असं नाही. दुसरा धक्का अधिक मोठा होता. २००९ मध्ये रियोहेई यासुदा आणि सहकाऱ्यांनी कॅम-के-टूला दोन चमकते रंग जोडले. रेणू उघडला की रंगांमधलं अंतर बदलतं आणि प्रकाशाची छटा पालटते. मग एकाच काट्याच्या टोकाशी लेसरने ग्लुटामेट मोकळं केलं. सूक्ष्मदर्शकात काटा फुगलेला दिसला आणि फुगलेलाच राहिला. आत कॅम-के-टूही उजळला, पण मिनिटभरात विझला. लिस्मनच्या हिशोबाने तो जळत राहायला हवा होता.

मला हा प्रयोग वाचल्यावर फार वाईट वाटलं होतं, हे कबूल करतो. सुंदर कल्पना चुकीची निघते तेव्हा तिच्यावर आपलं प्रेम किती होतं ते कळतं. २०१७ साली 'न्यूरॉन'मध्ये आणखी दोन प्रयोग आले. एकात प्रकाशाने चालू-बंद होणारा रोधक वापरून हिदेजी मुराकोशी, यासुदा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ठोक्यांनंतरच्या पहिल्या मिनिटात कॅम-के-टूला रोखलं तर काटा मोठा होत नाही, नंतर रोखलं तर काहीच बिघडत नाही. दुसऱ्याचा निष्कर्ष असा होता की २८६ वरच्या फॉस्फेटचं काम कॅल्शियमच्या ठोक्यांची बेरीज करणं आहे, ती झाल्यावर त्याची गरज उरत नाही. पेन्सिलीचा पक्ष जिंकल्यासारखा दिसत होता.

त्याच वर्षी त्याच नियतकालिकात तिसरा प्रयोग आला, लिस्मन आणि सहकाऱ्यांचा. फिरत्या तबकडीवर ठरावीक जागी सौम्य विजेचा झटका बसतो आणि उंदीर ती जागा टाळायला शिकतो. शिकून झाल्यावर विषाणूच्या मदतीने त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कॅम-के-टूचं बिघडवलेलं रूप थोड्या काळापुरतं घातलं. ते रूप ओसरून गेल्यावर परीक्षा घेतली. उंदीर झटक्याच्या जागी निवांत फिरत होता. त्याला पुन्हा शिकवलं तर तो शिकत होता, म्हणजे यंत्रणा शाबूत होती, गेली होती ती फक्त आठवण. हा शोधनिबंध सप्टेंबर २०१७ मध्ये छापून आला. ऑक्टोबरमध्ये लिस्मन वारला. बत्तीस वर्षं त्याने एकच प्रश्न सोडला नव्हता.

एकाच वर्षात दोन्ही बाजूंचे सचोटीने केलेले प्रयोग, आणि उत्तरं उलटी! हे कसं, याचं उत्तर पुढे येईल. पण त्याआधी पहारेकऱ्याच्या जागेच्या दुसऱ्या दावेदाराची हकीगत सांगितली पाहिजे.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये टॉड सॅक्टरने 'पीकेएम-झीटा' नावाचं कायनेज शोधलं. त्याला कडी जन्मतःच नाही, दार कायम उघडं. २००६ मध्ये त्यांच्या गटाने 'झिप' नावाचा छोटा रोधक उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये टोचला आणि महिनाभरापूर्वीची आठवण गेली. पुढच्या वर्षी इस्राएलच्या यादिन दुदाई यांच्याबरोबर मेंदूच्या वरच्या थरातली चवीची जुनी आठवणही पुसून दाखवली. जगभर गाजावाजा झाला. मग २०१३ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन गटांनी पीकेएम-झीटा नसलेले उंदीर सादर केले. त्यांचं एलटीपी ठीक होतं, आठवण ठीक होती आणि कहर म्हणजे 'झिप' त्यांच्यातही आठवण पुसत होतं. ज्याला मारायचं तोच घरात नसताना गोळी लागलीच कुणाला? बहुतेकांनी हा दावेदार बाद केला. सॅक्टर यांनी केला नाही. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की झीटा जन्मापासून नसेल तर त्याचं भावंड असलेलं दुसरं कायनेज त्याची जागा घेतं. २०२४ मध्ये त्यांनी आणि आंद्रे फेंटन यांनी 'किब्रा' हे प्रथिन पुढे आणलं. मूत्रपिंड आणि मेंदू या दोन अवयवांत सापडतं म्हणून त्याचं हे नाव. किब्रा सबळ झालेल्या सिनॅप्सला चिकटून राहतं आणि झीटाला धरून ठेवतं. ही मिठी सोडवणारं औषध दिलं की साध्या उंदरांची आठवण पुसते, झीटा नसलेल्यांची पुसत नाही. २०१३ च्या आक्षेपाला हे थेट उत्तर होतं.

इतर उमेदवारही आहेत. मूळचे भारतीय असलेले कौशिक सी यांनी एरिक कँडेल यांच्याबरोबर, आणि पुढे स्वतंत्रपणे फळमाशीत, स्वतःच्या आकाराची लागण शेजाऱ्याला करणारं प्रथिन शोधलं. हाही पहारा बदलण्याचाच एक प्रकार. सिनॅप्सना खतपाणी देणाऱ्या बीडीएनएफवर सेरोटोनिनच्या अंगाने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांनी दीर्घकाळ काम केलं आहे. पण बीडीएनएफ पेशीबाहेर वाहणारं आहे. नेमक्या एका काट्याची नोंद ठेवणं त्याच्याकडून होईल असं मला वाटत नाही.

परत कॅम-के-टूकडे येऊ. २०१७ च्या कोड्याची किल्ली जुन्याच एका निरीक्षणात होती. उघडलेला कॅम-के-टू एनएमडीए ग्राहीच्या 'ग्लुएन-२बी' या घटकाच्या शेपटीला जाऊन घट्ट बसतो. ज्या कॅल्शियमच्या दाराने त्याला जागं केलं, त्याच दाराशी तो मुक्काम ठोकतो. या शेपटीवर कॅम-के-टू नेमकं कुठे काम करतं, ती १३०३ क्रमांकाची जागा १९९६ मध्ये केनेडी यांच्या प्रयोगशाळेत आर. व्ही. ओमकुमार यांनी शोधली. पुढे तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्रात परतून त्यांनी याच गाठीवर वर्षानुवर्षं काम केलं. इथे भारताचा दुसराही धागा आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले उपिंदर भल्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये रवी अय्यंगार यांच्याबरोबर १९९९ मध्ये संगणकावर दाखवलं होतं की पेशीतले संदेशमार्ग एकमेकांत गुंतले की त्यांच्यातून आपोआप टिकाऊ बटणं तयार होतात. पुढे दिलावर सिंग आणि भल्ला यांनी मांडलं की दोन कॅम-के-टू रेणू आपसात एककांची देवाणघेवाण करत असतील तर खूण जास्त काळ टिकेल. अशी देवाणघेवाण होते, हे २०१४ मध्ये मार्गारेट स्ट्रॅटन, जॉन कुरियन आणि सहकाऱ्यांनी परीक्षानळीत पाहिलं होतं. नंतरच्या काहींचा त्याला आक्षेप आहे. त्यांच्या मते एककं जागा सोडत नाहीत, वेगवेगळे रेणू एकमेकांना खूण लावतात. पहारा कसा बदलतो यावर मतभेद आहेत, पण दोन्ही वाटांनी खूण एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते.

आता २०२३. कोलोरॅडोत उलरिख बायर यांच्या गटाने एक घोळ सोडवला. आजवर जे रोधक वापरले जात, ते एका दगडात दोन पक्षी मारत होते. ते कॅम-के-टूचं फॉस्फेट चिकटवणं थांबवत आणि त्याची ग्लुएन-२बीशी गाठही तोडत. बायर यांच्या गटाने खाच बंद करणारे पण गाठ न तोडणारे वेगळ्या जातीचे रोधक घेतले. कॅम-के-टू विकर म्हणून पूर्ण ठप्प झाला, तरी एलटीपी झालं. गाठ बसू दिली नाही तेव्हा मात्र झालं नाही. शिकण्याच्या त्या क्षणी या रेणूचं खरं काम इतरांना फॉस्फेट लावणं नसून उघडणं, चालत जाणं आणि दाराशी खांब होऊन उभं राहणं हे आहे. स्वतःला लावलेली ती २८६ ची खूण त्याला उभं राहायला मदत करते. सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉजर निकोल यांच्या गटाने पुढच्या वर्षी हेच दुसऱ्या बाजूने सांगितलं, की सिनॅप्सच्या स्मृतीसाठी लागणारं एकमेव रासायनिक काम म्हणजे कॅम-के-टूने स्वतःला खूण लावणं. त्याआधी २०२१ मध्ये याच गटाने, आधी घडून गेलेलं एलटीपी कॅम-के-टूला रोखून पुसून दाखवलं होतं.

माझ्या मते इथे बरेच तुकडे जागेवर बसतात. यासुदांच्या सूक्ष्मदर्शकात विझलं ते उघडलेल्या रेणूंचं सरासरी तेज होतं. दाराशी गाठ मारून बसलेले मूठभर रेणू त्या उजेडात वेगळे दिसायचं कारण नव्हतं. रोधकांचे निकाल उलटसुलट आले, कारण कोणता रोधक, किती मात्रेत, गाठ तोडतो की नुसती खाच बंद करतो, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं होतं. आणि ते दोन टक्के! खांब म्हणून वापरायच्या वस्तूचा साठा घरात मोठाच असतो. क्योटोच्या यासुनोरी हयाशी यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की जागा झालेला कॅम-के-टू ग्राहींच्या शेपट्यांसह तेलाच्या थेंबासारखे गोळे बनवतो आणि त्या गोळ्यात अॅम्पा व एनएमडीए ग्राही वेगवेगळ्या भागांत लावले जातात. कॅल्शियम गेल्यावरही ते गोळे राहतात.

तरीही घाई करू नये असं मला वाटतं. एलटीपीचे बहुतेक प्रयोग मेंदूच्या चकत्यांवर होतात आणि तासांत मोजले जातात. आजीची अडीचकी वर्षांत मोजायची आहे. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन यांच्या मेंदूचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढला गेला, तेव्हा नव्या आठवणी बनेनाशा झाल्या, पण लहानपणच्या बऱ्याचशा राहिल्या. जुनी आठवण मेंदूच्या वरच्या थरात मुक्कामाला जाते. तिथेही कॅम-के-टू आणि किब्रा हेच पहारेकरी आहेत का, हे हिप्पोकॅम्पसच्या चकतीवरून ठरणार नाही. कॅम-के-टू आणि पीकेएम-झीटा यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानण्याची सवयही सोडावी. माझा अंदाज असा की पहिला काही तास, कदाचित काही दिवस जागा धरून ठेवतो आणि दुसऱ्याला बोलावून घेतो. सप्ताहातसुद्धा पहाटेचा पहारा आणि दुपारचा पहारा एकाच घरातली माणसं देत नाहीत.

हा निव्वळ अभ्यासकांचा वाद नाही. २०१७ मध्ये फ्रान्सच्या सेबास्तियाँ क्युरी आणि अनेक देशांतल्या डॉक्टरांनी मिळून २४ मुलामाणसांची नोंद केली, ज्यांच्या कॅम-के-टूच्या दोन मुख्य जनुकांपैकी एकात बदल होता आणि ज्यांना बौद्धिक अक्षमता होती. अँजलमन सिंड्रोम या मेंदूच्या वाढीच्या विकारात बिघाड दुसऱ्याच जनुकात असतो, पण त्या आजाराच्या उंदरांमध्ये कॅम-के-टूवर रोधक खुणा जास्त दिसल्या. नेदरलँड्समध्ये २००७ साली त्या खुणा बसू न देणारा जनुकबदल केल्यावर उंदरांचं शिकणं आणि तोल सुधारला. पक्षाघातात आणि हृदयविकारात हेच कॅम-के-टू अति चालू राहून पेशींना इजा करतं, म्हणून त्याला बंद करणारं औषध फार दिवसांपासून हवं आहे. भीती एकच होती, हृदय वाचवताना आठवण जाईल. बायर यांच्या निकालाने इथे वाट दिसते. खाच बंद करायची, गाठ सोडायची नाही.

उरलेली कसोटी आता अवघड असली तरी स्पष्ट आहे. शिकलेल्या जिवंत उंदराच्या मेंदूतल्या एकाच काट्यावर महिनाभर नजर ठेवायची. आज असलेले कॅम-के-टू रेणू एका रंगात रंगवायचे, उद्यापासून बनणारे दुसऱ्या रंगात. पहिला रंग फिका पडत जाईल, दुसरा गडद होत जाईल. ग्लुएन-२बीच्या त्या शेपटीशी दुसरा रंग येऊन बसतो का, आणि पहिला अजून तिथे असतानाच येऊन बसतो का, एवढंच पाहायचं आहे. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते तो क्षण जिवंत मेंदूत अजून कुणी टिपलेला नाही.